साडूची मुळी

३ मार्च, सोमवार
वरचं १५४, खालचं ९६

आजपासून लिहायचं ठरलं. ठरलं म्हणजे बायकोनं ठरवलं. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलंय, ‘ताण कमी करा, मनात साठवू नका.’ ते वाचून ही म्हणाली, “तोंडानं मोकळे झालात तर आख्ख्या घराचं प्रेशर वाढेल. त्यापेक्षा लिहा.” आणि मुलीची कॉलेजची अर्धी कोरी वही हातात ठेवली. पुढून रसायनशास्त्र आहे, मागून मी.

झालं ते असं. आज कंपनीची वर्षाची तपासणी होती. बावीस वर्षं मी गोदामातली क्रेन चालवतोय. पोलादी पत्र्याच्या कॉइल, एकेक आठ-दहा टनांची, ट्रकवरून उचलायची आणि रांगेत नेऊन ठेवायची. बावीस वर्षांत एकही आपटलेली नाही. आणि आज तो कालचा पोरगा डॉक्टर मला म्हणतो, “१४०-९० च्या आत या, नाहीतर खाली या.” सहा आठवड्यांची मुदत. रोज एक गोळी, मीठ कमी. १४ एप्रिलला पुन्हा मोजणार. तेव्हा जास्त आलं तर क्रेन बंद, स्टोअरात बसून लेबलं चिकटवायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एप्रिलमध्ये नवी क्रेन येतेय. वीस टनांची, केबिन थंडगार, खुर्ची गोल फिरणारी. तिच्यावर एकच माणूस कायमचा बसणार आणि सुपरवायझरच्या यादीत नावं दोन आहेत. एक माझं. दुसरं माझ्या साडूचं.

हा साडू दुसऱ्या पाळीत माझीच क्रेन चालवतो. मेव्हणीचं लग्न झालं तेव्हा मीच त्याला कंपनीत चिकटवला, मीच शिकवला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. आज तो रांगेत माझ्या मागेच होता. त्याचं आलं १२२-७८. दीड वर्षापूर्वी याच माणसाचं प्रेशर माझ्याहून वर होतं, अख्ख्या कंपनीला ठाऊक आहे. डॉक्टरनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “असं पाहिजे!”

माझ्या पाठीवर कुणी काही मारलं नाही.

४ मार्च, मंगळवार
वरचं १५२, खालचं ९६

गोळी चालू केली. पांढरी, एवढीशी, मधोमध रेघ. एवढ्याशा गोळीवर माझी बावीस वर्षं लटकलीत. बायकोनं मोजायचं यंत्र आणलंय, दंडाला पट्टा गुंडाळला की गुरगुरतं.

९ मार्च, रविवार
वरचं १४६, खालचं ९०

सासूबाईंकडे जेवायला. साडू आणि मेव्हणी आधीच हजर. साडूनं आल्या आल्या सासूबाईंचं जड कपाट एकट्यानं सरकवून दिलं म्हणे, मागं उंदीर गेला होता. सासूबाईंचं कौतुक ओसंडून वाहत होतं. “धाकटे जावई म्हणजे घोडा आहे नुसता घोडा.” मग माझ्याकडे बघून, “तुम्ही बसा हो, तुमचं प्रेशर आहे.” जसं काही मी काचेचं भांडं.

जेवताना मी सहज, अगदी सहज विचारलं, “साडूभाऊ, तुमचं उतरलं कसं?”

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “जिनसेंग, दादा. एक मुळी असते. दिसायलासुद्धा माणसासारखी, दोन हात, दोन पाय. तिच्या कॅप्सूल मिळतात. रोज सकाळी एक.”

“आणि गोळ्या?”

“गोळ्या-बिळ्या काही नाही. एकदा गोळीच्या नादी लागलं की जन्माची कुबडी.”

मेव्हणी तेवढ्यात पाणी आणायला आत गेली. तांब्या भरलेलाच होता, पण गेली. तिलाही नवऱ्याच्या बढाया ऐकवत नसाव्यात, बिचारी.

घरी येताना बायको म्हणाली, “बघा, तब्येतीची किती काळजी घेतो तो.” मी म्हणालो, “हो ना, मुळी खातो, शेळी खाते तशी.” तिला हसू आलं नाही. माझ्या विनोदांना ती पूर्वी हसायची. आता हसणं धाकट्या बहिणीच्या नवऱ्यासाठी राखून ठेवलंय.

१२ मार्च, बुधवार
वरचं १४२, खालचं ८८

उतरतंय. पण गोळीनं उतरलेलं उतरणं काय कामाचं? ढकलून चालू केलेली गाडी ती. तो बिनगोळीचा १२२ आणि मी गोळी खाऊन १४२. हे सुपरवायझरला कळलं तर तो कुणाला वर बसवेल?

साडूला बाटलीचं नाव विचारायचं नाही, हे पक्कं. मेलो तरी विचारणार नाही. दोन गल्ल्या सोडून औषधाचं दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदारीणबाईंनी फळीवरून बाटली काढली आणि विचारलं, “प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत का? मग आधी डॉक्टरांशी बोला.” मी “बरं” म्हणालो. या लोकांना सवयच असते बोलायची.

बाटलीवर मुळीचं चित्र आहे. खरंच माणसासारखी दिसते. नीट बघितली तर साडूसारखी, तेच उतरते खांदे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, ‘हे औषध नाही. कोणत्याही आजारावर उपचार म्हणून वापरू नये.’ म्हणजे निर्धोक.

१७ मार्च, सोमवार
वरचं १४०, खालचं ८८ (डॉक्टरच्या यंत्रावर)

मधल्या तपासणीला बोलावलं होतं. डॉक्टर खूश. म्हणाला, “गोळी छान लागू पडलीय. आणखी चार आठवडे, की पास. दुसरं काही औषध घेता का?”

“नाही,” मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं, हे इथं लिहून ठेवतो. बाटलीवर छापलंय, औषध नाही. क्रेनवरच्या माणसाला एकच शिकवलेलं असतं, खालून जो इशारा येईल तेवढंच करायचं, मनानं पुढं जायचं नाही. त्यानं औषध विचारलं, मी औषधाचं सांगितलं. मुळीचं विचारलं असतं तर मुळीचं सांगितलं असतं.

बाहेर पडताना साडू भेटला. “किती दादा?” मी सांगितलं. म्हणाला, “अरे वा! गोळीनं का?” तो “गोळीनं का” असा काही म्हणाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ठरवलं. उद्यापासून गोळी बंद. त्याच्यासारखंच, नुसत्या मुळीवर उतरवून दाखवीन. बायकोला सांगितलं की गोळ्या कामावरच्या कपाटात ठेवतो आणि तिथंच घेतो. ती म्हणाली, “शहाणे झालात.”

२० मार्च, गुरुवार
वरचं १५०, खालचं ९२

मुळीला वेळ लागतो म्हणतात. त्यानं दीड वर्ष घेतली, माझ्या हातात चार आठवडे आहेत. साधं गणित, दोन घ्यायच्या. आजपासून दोन.

ताकद मात्र येते, मानलं पाहिजे. पहाटे साडेचारला टक्क जागा. स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून, पुसून पुन्हा लावले. बायको उठून आली तेव्हा तिला मीठ सापडेना. म्हणाली, “भूतबीत शिरलंय का अंगात?” काल तीन तास झोप झाली. गरजच वाटत नाही झोपेची.

२३ मार्च, रविवार
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो. वरचं १५८, खालचं ९८

दुपारी साडू आणि मेव्हणी आमच्याकडे. चहा झाला आणि बायकोला काय सुचलं देव जाणे, यंत्र आणून टेबलावर ठेवलं. “चला, दोघं जावई मोजा!” मेव्हणी म्हणाली, “ताई, राहू दे गं.” पण साडूनं बाही वर सारली होती.

त्याचं आधी. यंत्र गुरगुरलं, थांबलं. १२०-७८. बायकोनं टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या नवऱ्यासमोर, स्वतःच्या घरात, दुसऱ्याच्या दंडाला टाळ्या!

मग माझं. पट्टा घट्ट व्हायला लागला तसं मला कानात ठोके ऐकू यायला लागले. मी मनात म्हणत होतो, उतर, उतर, बाबा आज तरी उतर. १५८-९८. मी म्हणालो, “यंत्राला पाहुण्यांची सवय नाही.” साडूनं हसून साजरं केलं, पण माझ्याकडे बघत राहिला.

“दादा, गोळी घेताय ना वेळेवर?” त्यानं जाताना दारात विचारलं.

“तुम्ही तुमचं बघा,” मी म्हणालो. बूट घालताना वाकला तर मानेवरची कातडी कशी तुकतुकीत दिसत होती मेल्याची. बेचाळीस वर्षांचा आहे, पस्तिशीचा दिसतो. माझ्या बायकोनं ते बघितलंच असेल. तिला डोळे आहेत.

उद्यापासून तीन.

२५ मार्च, मंगळवार
वरचं १६०, खालचं ९८

सकाळी पाळी बदलताना केबिनमध्ये त्याच्या डब्याचा वास राहिलेला असतो. खुर्ची पुढं ओढलेली. त्याचे पाय आखूड. रोज मी ती मागं ढकलतो आणि रोज तो पुढं ओढतो. अकरा वर्षं आम्ही एकाच खुर्चीवर बसतोय. नवी क्रेन आली की एकजण त्यातून सुटेल, आणि तो मीच सुटायला पाहिजे. शिकवलं कुणी?

छाती मधूनच धडधडते. शिडीच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत, कुणाचीही धडधडेल.

२७ मार्च, गुरुवार
मोजलं नाही

आज एक प्रकार झाला. फार काही नाही.

नऊ टनांची कॉइल खाली घेत होतो. खाली इशाऱ्याला आमचा शिट्टी, म्हणजे त्याचं खरं नाव मी विसरलो, सगळे शिट्टीच म्हणतात. त्यानं ‘हळू’चा हात केला. त्याच वेळी माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, एक क्षण, दोन क्षण. हात दांडीवर होता. कॉइल टेकली ती लाकडाच्या पाचरांवर न टेकता अलीकडे टेकली आणि वीतभर घरंगळली. शिट्टी उडी मारून मागं झाला. त्याच्या बुटापासून हातभरावर थांबली.

वरून ओरडलो, “एवढ्या जवळ कशाला उभा राहतोस?” तो बोट वर करून ‘ठीक’ म्हणाला. चूक त्याचीच होती. लोडच्या इतक्या जवळ उभं राहायचंच नसतं.

पण पुढच्या सगळ्या कॉइलींना तो बराच लांब उभा राहिला. इतक्या लांबून की त्याचा हात मला नीट दिसत नव्हता.

सुपरवायझरला त्यानं सांगितलं नाही. मीही नाही.

३० मार्च, रविवार
वरचं १६४, खालचं १००

सासूबाईंकडे गेलो नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खरंच दुखतंय, मागच्या बाजूनं, मानेपासून वर. बायको एकटी गेली आणि चार तास बसली. आल्यावर विचारलं, कोण कोण होतं? म्हणाली, “कोण असणार, आपलीच माणसं.” आपलीच माणसं! मी तिला विचारलं, त्याच्याबद्दल काय बोलणं झालं. ती म्हणाली, “तुमच्याबद्दल झालं. तो काळजी करत होता. म्हणे दादांचा चेहरा लाल दिसतो, ताई, एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.”

बघा कसा आहे. मला बाहेर काढायची घाई झालीय. माझा चेहरा लाल दिसतो, हे तो सासूबाईंच्या घरात सांगत फिरतो.

मी पेला आपटला. फुटला. तिनं तुकडे गोळा केले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पेला आपटल्याचं हे पहिल्यांदाच. लाज वाटली, पण सॉरी म्हणालो नाही.

३ एप्रिल, गुरुवार
वरचं १६२, खालचं १००

आज जे झालं ते सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

साडूचं भोकं पाडायचं मशीन आमच्याकडे पडून होतं. बायको म्हणाली, देऊन या. आज रजा टाकली होती, म्हणून सकाळी अकराला त्यांच्याकडे गेलो. साडू अंघोळीला गेला होता, पाण्याचा आवाज येत होता आणि गाणंही. मेव्हणी मागं कपडे वाळत घालत होती. मी बाहेरच्या खोलीत एकटा. आणि फ्रिजवर ती बाटली.

गेले दोन आठवडे मला एकच शंका पोखरत होती. तीच मुळी, तेवढंच पाणी, मग त्याचं उतरतं आणि माझं चढतं कसं? म्हणजे त्याची कंपनी वेगळी असणार. त्याची अस्सल आणि माझी बनावट. म्हणून फक्त नाव बघायचं होतं, शपथेवर सांगतो, फक्त नाव. हातात घेतली. कंपनी तीच. चित्र तेच. उतरत्या खांद्यांची तीच मुळी. तेव्हा वाटलं, निदान कॅप्सूलचा रंग बघू. झाकण उघडलं.

आत कॅप्सूल नव्हत्याच. पांढऱ्या, एवढ्याशा गोळ्या. मधोमध रेघ.

मी एक तळहातावर घेऊन बघत उभा होतो, तेवढ्यात मेव्हणी दारात. हातात ओला टॉवेल. आम्ही दोघंही चोर असल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो.

“भाऊजी,” ती म्हणाली, “कुणाला सांगू नका ना.”

“किती दिवस घेतोय?”

“दीड वर्ष. एक दिवस चुकवत नाहीत. ती मुळी आणली होती आधी, पंधरा दिवस घेतली, काही फरक पडला नाही, दिली टाकून. बाटली तेवढी ठेवली.”

“मग थापा कशाला मारायच्या?”

तिनं न्हाणीघराकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. “तुमच्यामुळं हो. दर रविवारी घरी आले की तेच. दादांनी वीस-बावीस वर्षांत एक लोड आपटला नाही, दादांचा हात असा, दादांची नजर तशी. मी काय, त्यांच्या खुर्चीत बसून पाय लोंबकळवतो. मग एका गोष्टीत तरी दादांच्या पुढं असावं वाटत असेल. त्यात तुमच्यासमोर गोळ्या खातो म्हणायची लाज. बायकांसारखं करतात अगदी.” मग म्हणाली, “म्हणजे आम्हीसुद्धा एवढं करत नाही.”

मी गोळी बाटलीत टाकली, झाकण लावलं आणि मशीन टेबलावर ठेवून निघालो. साडू अजून गातच होता.

घरी येताना रस्त्याच्या मधोमध मोठ्यानं हसलो. एक बाई दचकून बाजूला झाली. सापडला! अखेर सापडला लबाड! रविवारी सगळ्यांसमोर, सासूबाईंसमोर, माझ्या टाळ्या वाजवणाऱ्या बायकोसमोर बाटली उपडी करतो की नाही बघा.

हे चार वेळा मनात घोळवलं. पाचव्या वेळेला लक्षात आलं की तो दीड वर्ष गोळी घेतोय आणि मी सतरा दिवस घेतलेली नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
वरचं १६०, खालचं ९८

कामावरच्या कपाटातून पट्टी काढली आणि गोळी घेतली. मुळीची बाटली त्याच कपाटात मागं सारली. बायकोला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तोंडावर खोटं बोलत होतो म्हणून?

६ एप्रिल, रविवार
वरचं १५२, खालचं ९४

सासूबाईंकडे. मेव्हणी पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. सासूबाईंनी संधी आयतीच ताटात वाढली. “धाकट्यांचं बघा, गोळी नाही की काही नाही.”

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. दया आली म्हणून नाही, खोटं का लिहू? त्याचं धोतर सोडायला गेलो तर माझंही सुटणार होतं. “आणि तुमच्या गोळ्या?” असं बायकोनं विचारलं असतं तर?

जेवण झाल्यावर तो अंगणात हात धूत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

“साडूभाऊ, तुमच्या मुळीला मधोमध रेघ असते का हो?”

तो पांढराफटक पडला. नळ तसाच चालू. मला वाटलं होतं, हा क्षण गोड लागेल. लागला, थोडा वेळ. मग तो माझ्याकडे नीट बघायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावरची लाज गेली, दुसरंच काहीतरी आलं.

“दादा, तुम्ही गोळी सोडली की काय?”

मी नळाकडे बघितलं.

“माझ्या थापेवर? अहो दादा! आणि मुळी?”

“तीन,” मी म्हणालो.

“रोजच्या तीन! आणि वर बसताय?” त्यानं नळ बंद केला. “उद्याच्या उद्या डॉक्टरला सांगा. मी चुकलो, मला चार शिव्या घाला, हव्या तर कानाखाली द्या. पण सांगा. क्रेन गेली खड्ड्यात.”

क्रेन गेली खड्ड्यात! कुणाची? माझी. डॉक्टरला सांगितलं की मी खाली आणि हा वर, हे न कळायला मी दूधपीता नाही. मी म्हणालो, “तुमचा सल्ला तुमच्याकडेच ठेवा.” तो तसाच उभा राहिला, ओले हात घेऊन.

१० एप्रिल, गुरुवार
वरचं १४४, खालचं ९०

मुळी बंद करून सहा दिवस. रात्री झोप लागते. काल सलग सात तास झोपलो, बायको दोनदा जवळ येऊन बघून गेली म्हणे, श्वास चालू आहे ना. धडधड नाही. डोकं हलकं आहे.

१४ तारखेला आत येणार, दिसतंय. गप्प बसलो की झालं. एका माणसाला माहीत आहे आणि त्याची शेंडी माझ्या हातात आहे.

१४ एप्रिल, सोमवार
वरचं १३८, खालचं ८६ (डॉक्टरच्या यंत्रावर)

पास.

डॉक्टर म्हणाला, “शाब्बास,” आणि शिक्का उचलला. त्यानं काहीही विचारलं नाही. औषध घेता का, मुळी घेता का, काही नाही. शिक्का शाईवर टेकवला. मला फक्त खुर्चीवर बसून राहायचं होतं.

का बोललो ते मलाही नीट कळत नाही. शिट्टीचा बूट आठवला, हे खरं. पण लिहायचंच तर सगळं लिहितो. बाहेर रांगेत साडू बसला होता, नव्या क्रेनसाठी त्यालाही शिक्का हवा होता, आणि माझ्या मनात आलं, हा शिक्का घेऊन बाहेर गेलो तर मी आणि हा सारखेच. तोही बाटलीत एक, तोंडात दुसरं, आणि मीही. तो माझ्यापेक्षा तरुण, सासूचा लाडका, प्रेशर कमी. आता खोटेपणातही बरोबरी? एका तरी गोष्टीत मला त्याच्या पुढं राहायचं होतं.

म्हणून म्हणालो, “डॉक्टर, थांबा.” सगळं सांगितलं. सतरा दिवस गोळी बंद, मुळी एक, मग दोन, मग तीन. काजवे. घरंगळलेली कॉइल. साडूचं नाव घेतलं नाही.

त्यानं शिक्का खाली ठेवला. चिडला नाही, तेच वाईट. म्हणाला, “या मुळीचं कुणाच्यानं ठाम सांगवत नाही. एखाद्याचं थोडं उतरतं, एखाद्याचं चढतं, कित्येकांना काही होत नाही. जास्त घेतली की झोप उडते, छाती धडधडते. तुमचं मुळीनं किती चढलं आणि गोळी सोडल्यानं किती, ते मला आज सांगता येणार नाही. पण नऊ टन डोक्यावर घेऊन हा प्रयोग करायचा नसतो. मी विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलं?”

“तुम्ही औषध विचारलंत,” मी म्हणालो. “बाटलीवर लिहिलंय, हे औषध नाही.”

त्यानं पेन उघडलं. मग कागदावर लिहिलं, एक महिना जमिनीवर. महिन्यानं पुन्हा बघू. नवी क्रेन पुढच्या मंगळवारी चालू होतेय, ती महिना थांबणार नाही.

बाहेर आलो. साडू उठून उभा राहिला. मी म्हणालो, “जा. तुमचीच आहे.” तो काही बोलणार होता, पण मी थांबलो नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

१५ एप्रिल, मंगळवार
वरचं १३६, खालचं ८६

बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल. ती खुर्चीत बसली आणि रडली. “रोज विचारत होते, गोळी घेतली? आणि तुम्ही रोज हो म्हणत होता. तुम्हाला काही झालं असतं तर मला वाटलं असतं गोळीनंच घात केला.” संध्याकाळी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन समोर उभी राहिली, गिळेपर्यंत हलली नाही. आता रोज असंच म्हणे. जीभ वर करून दाखवायची.

टाळ्या का वाजवल्यास त्या दिवशी, असं मी विचारलं. तिला आठवेनाच. मग म्हणाली, “त्याला लागू पडलं तर तुम्हालाही पडेल, म्हणून आनंद झाला असेल.” तीन आठवडे मी त्या टाळ्या उराशी धरून बसलो होतो.

२२ एप्रिल, मंगळवार
वरचं १३०, खालचं ८२

नवी क्रेन आज चालू झाली. वर साडू. शिट्टीला दुसऱ्या रांगेला पाठवलाय, त्यामुळं खाली इशाऱ्याला मी. सुपरवायझरला वाटलं, घरचीच माणसं आहेत, जमेल.

पिवळीधमक क्रेन, केबिनची काच निळसर. खालून त्याचे फक्त गुडघे दिसत होते. पाय नीट टेकले होते, खुर्ची त्याच्या मापाची लावून घेतली असणार. पहिलाच लोड बारा टनांचा. सगळं गोदाम बघायला गोळा झालं होतं. मी हात केला, त्यानं उचलला. पुढं आण म्हणालो, आणला. पाचरांच्या बरोबर वर आला तेव्हा मी थांबचा हात केला, आणि तसाच धरून ठेवला.

कारण काही नव्हतं. जागा बरोबर होती. त्यानं घाई करावी, हॉर्न मारावा, लोड हलवावा, एकदा तरी चुकावं, असं मला वाटत होतं. असा मी आहे, लिहून ठेवतो. बारा टन हवेत आणि माझा हात हवेत. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तो हलला नाही. काचेतून वाकून बघत होता, आणि हाताकडे नाही, माझ्या तोंडाकडे, मला पुन्हा चक्कर आली की काय म्हणून.

मी हात खाली घेतला. त्यानं कॉइल पाचरांवर अशी ठेवली की आवाजसुद्धा झाला नाही. लोक ओरडले. कुणीतरी मला म्हणालं, “अगदी तुमच्यासारखी ठेवली.”

माझ्यासारखी नाही. माझ्यापेक्षा चांगली ठेवली. असा जळलो की दुपारी डबा उघडलाच नाही. हे मी त्याला सांगणार नाही, बायकोला नाही, सासूबाईंना तर नाहीच. पण त्या बारा टनांपासून मी दोन हातांवर उभा होतो, आणि मागं सरकावं असं मला एकदाही वाटलं नाही.